मालकाचं नाव फुकट रंगवून मिळेल

"आलंच आता. पाच मिनिटं," दीर म्हणाला. हे तो तिसऱ्यांदा म्हणत होता, आणि पहिल्यांदा म्हणाला त्याला पाऊण तास होऊन गेला होता.

बसने दोघांना शेवटच्या थांब्यावर उतरवलं आणि ती आल्या वाटेने परत गेली. पुढे सरळसोट रस्ता. एका हाताला गोदामांच्या भिंती, दुसऱ्या हाताला ओळीने उभे ट्रक आणि त्यांच्या पोटाखाली सावलीला आडवी झालेली माणसं. इथून कोणी पायी जाईल हे रस्ता बांधणाऱ्याच्या मनातही आलं नसावं. एखादा कंटेनर धडधडत शेजारून जाई, वहिनी डोळे मिटून देवाचं नाव घेत, आणि डोळे उघडत तोवर दीर दहा पावलं पुढे गेलेला असे. गेले चार महिने तो शिकाऊ ड्रायव्हर म्हणून उंच केबिनमध्ये बसत होता. तिथून जे पाच मिनिटांवर दिसतं ते जमिनीवरूनही तेवढंच लांब असणार, अशी त्याची समजूत होती. त्याच्या पुष्कळशा समजुती अशाच होत्या, वरून बघून केलेल्या.

"भाऊजी, ही तुमची पाच मिनिटं भरल्या गाडीची की रिकाम्या?"

"थट्टा नको वहिनी. पाचच्या आत सही झाली पाहिजे. नाहीतर गाडी दुसऱ्याला जाईल."

सही त्याच्या एकट्याची असती तर वहिनींनी अर्ध्या दिवसाची रजा काढली नसती. कंपनी त्याला ट्रक लीजवर देणार होती आणि त्यासाठी जामीनदार हवा होता. हप्ता थकला तर तो जामीनदाराच्या पगारातून कापला जाणार. थोरला भाऊ, म्हणजे वहिनींचा नवरा, घरी शिलाईकाम करायचा. त्याला गिऱ्हाइकं होती, पगाराचा कागद नव्हता. तो कागद घरात एकट्या वहिनींना मिळे. एका छापखान्यात त्या प्रुफं तपासत होत्या आणि निवृत्तीला आठ वर्षं उरली होती. सकाळी नवरा म्हणाला होता, "तूच जा. तू निदान वाचशील. मी गेलो तर त्याचं तोंड बघून सही करून येईन."

"बरं, मला पुन्हा एकदा सांगा," वहिनी म्हणाल्या. "नोकरी धरली तर काय, आणि लीज घेतली तर काय?"

"नोकरीत गाडी त्यांची, डिझेल त्यांचं, टायर त्यांचे. मी नुसती चालवायची. जितके किलोमीटर तितके पैसे, वर जेवणाचा भत्ता. माल उतरवायला उशीर झाला तर बसून राहिल्याचेही पैसे."

"मग वाईट काय त्यात?"

"वाईट नाही हो. पण त्यात मी कोण? ड्रायव्हर."

"आणि आत्ता कोण आहात?"

हा प्रश्न त्याने शेजारून जाणाऱ्या टँकरच्या आवाजात बुडू दिला. "लीजमध्ये मी मालक. भाडं सगळं माझं. पाच वर्षं दर आठवड्याला हप्ता भरला की गाडी माझ्या नावावर."

"डिझेल?"

"माझं."

"टायर?"

"माझेच की."

"बिघडली तर?"

"नवी गाडी आहे वहिनी, बिघडायला काय झालंय तिला?"

"नवी?"

"म्हणजे नव्यासारखी."

त्याने फोनवर मांडलेला हिशोब दाखवला. जाताना इतके, येताना तितके. वहिनींनी तो उन्हात डोळ्यांजवळ धरून वाचला. "येताना काय भरून आणणार?"

"मिळेल काहीतरी."

"नाही मिळालं तर? रिकाम्या गाडीचा हप्ता माफ असतो?"

"हप्त्याला काय कळतंय गाडीत काय आहे ते," तो सहज बोलून गेला. बोलून झाल्यावर ते वाक्य त्याच्याच कानावर पडलं असावं, कारण पाचसहा पावलं त्याची चाल मंदावली. पण शहाणपण त्याच्याकडे कधी मुक्कामाला राहत नसे, पाणी पिऊन पुढे जाई. "आणि वहिनी, केबिनमध्ये पंखा आहे. दोन."

घरात त्याला शेठ म्हणत. हे नाव त्याने स्वतःच कमावलं होतं. अठराव्या वर्षी तो वहिनींच्या छापखान्यात आला आणि त्याने स्वतःची दोनशे कार्डं छापायला दिली. वर नाव, खाली 'प्रोप्रायटर', आणि मध्ये मोकळी जागा. मध्ये काय घालायचं असं वहिनींनी विचारलं तर म्हणाला, "धंदा ठरला की हाताने लिहून घेईन." मग धंदे ठरत गेले. मोबाइलची कव्हरं झाली, पाणी गाळायची यंत्रं झाली, समारंभाला खुर्च्या भाड्याने देणं झालं. त्या खुर्च्यांतल्या चार अजून घरात आहेत आणि चौघींचाही एकेक पाय आखूड आहे. प्रत्येक धंदा गुंडाळताना थोरल्या भावाने शिलाईचं मशीन रात्री उशिरापर्यंत चालवलं. शेठ मात्र दर वेळी नव्या उमेदीने उभा राहायचा. पडलो तरी नाक वर म्हणतात तसं. त्याचं नाक तर पडायच्या आधीपासून वर असे.

आणि गंमत अशी की आयुष्यात पहिल्यांदा त्याला एक काम खरंच येत होतं. परवाना तिसऱ्या खेपेला मिळाला, ते लेखी परीक्षेपायी. पण गाडी हातात आल्यावर शिकवणारा उस्तादच चाट पडला होता. हा पोरगा रिव्हर्स घेतो की सुईत दोरा ओवतो, असं तो म्हणाला होता. वहिनींना ते उस्तादाच्याच तोंडून कळलं. शेठने घरी सांगितलंच नाही. मालक व्हायला निघालेल्या माणसाला ड्रायव्हिंगची तारीफ ही शोभणारी गोष्ट वाटत नव्हती.

त्यात त्याचे सासरे. त्यांचं कापडाचं ठोक दुकान होतं आणि दुकानात एक गादीची खुर्ची होती, तिच्यावर त्यांच्याशिवाय कोणी बसत नसे. लग्नाला सहा वर्षं झाली, पण जावयाचा उल्लेख ते 'आमच्याकडचे ते' असा करत. परवाच्या रविवारी शेठने बायकोकडून निरोप पाठवला की स्वतःची गाडी घेतोय. घेणार आहे असं नाही, घेतोय. त्याच संध्याकाळी सासरेबुवांनी नातेवाइकांना फोन लावले आणि भेटायला आलेल्या जावयाला म्हणाले, "या, बसा." सहा वर्षांत पहिल्यांदा. शेठ हे घरी येऊन तीनदा सांगत होता. बाजारात तुरी म्हणतात त्या अजून पेरलेल्याही नव्हत्या, आणि इकडे पंगत उठत आली होती.

यार्ड आलं. फाटकावर मोठा फलक होता: 'आपली गाडी, आपणच मालक. आजच करार करा. मालकाचं नाव फुकट रंगवून मिळेल.' आत दोन दारं. एकावर 'चालक भरती', तिथे एक बाक आणि बाकावर मावणार नाहीत इतकी माणसं. दुसऱ्यावर 'मालक विभाग', तिथे सोफा, थंड हवा आणि काचेच्या बरणीत गोळ्या.

"या मालक," टेबलामागचे साहेब उठून उभे राहिले. वहिनींना मोजायची सवय होती. पहिल्या पाच मिनिटांत साहेबांनी अकरा वेळा मालक म्हटलं आणि एकदाही त्याचं नाव घेतलं नाही. शेठ सोफ्यावर असा बसला होता की सोफाही त्याच्या हप्त्यात धरला असावा.

साहेबांनी दहा पानांचा करार पुढे सरकवला. "ताई, इथे आणि इथे. बाकी औपचारिकता आहे."

"मग वाचते. फार वेळ नाही लागायचा." वहिनींनी पिशवीतून चष्मा काढला, पेन्सिल काढली.

"वाचता?" साहेब हसले. "इथे कोणी वाचत नाही हो. सगळं विश्वासावर चालतं."

"विश्वास देवावर ठेवतात साहेब. कागद वाचायचा असतो."

साहेबांनी मालकाकडे बघितलं. मालकाने छताकडे. मग साहेबच म्हणाले, "तुम्ही तोवर तुमची गाडी बघून या," आणि शेठ शाळा सुटल्यासारखा बाहेर गेला.

वहिनी वाचत गेल्या. इतका स्वच्छ मजकूर त्यांनी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. कुठे अक्षर इकडचं तिकडे नाही, एक आकडा चुकलेला नाही. ज्याने लिहिलं त्याला आपण काय लिहितोय ते पक्कं ठाऊक होतं. मालकाने माल फक्त याच कंपनीचा वाहायचा. महिन्यात दोनापेक्षा जास्त फेऱ्यांना नाही म्हणायचं नाही. रजा हवी तर आठ दिवस आधी अर्ज करायचा आणि रजेच्या दिवसांत गाडीची किल्ली फाटकावर जमा करायची. लागोपाठ दोन हप्ते थकले तर गाडी परत, आणि तोवर भरलेलं विसरायचं. वहिनी पेन्सिल नुसती धरून होत्या, खूण करण्याजोगं काही सापडत नव्हतं. नऊ पानं संपली तरी मालक या शब्दाचा अर्थ काही लागेना. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं म्हणावं तर इथे वाळासुद्धा फाटकावर जमा होता.

नवव्या पानाच्या तळाशी त्या थांबल्या. "साहेब, हे कलम. गाडी परत घेतल्यास मालकाचं नाव खरवडून नवा रंग देण्याचा खर्च मालकाने द्यावा."

"वकिलांनी घातलंय. उगीच."

"पुढे दरही छापलाय. नाव एका ओळीचं असेल तर वेगळा, तीन ओळींचं असेल तर वेगळा."

"पारदर्शक व्यवहार आहे आपला," साहेब म्हणाले आणि बरणी पुढे केली. "गोळी घ्या ताई."

वहिनींनी गोळी घेतली नाही, करार घेतला आणि दहा मिनिटांत येते म्हणून बाहेर आल्या.

गाडी मागच्या आवारात उभी होती. लालभडक, नुकती धुतलेली. शेठ स्टिअरिंगला दोन्ही हात लावून बसला होता आणि उभ्या गाडीत समोर बघत होता. गाडीच्या मागे, फाळक्यापाशी, एक म्हातारा पेंटर स्टुलावर चढून खडूने रेघा आखत होता.

"वहिनी, वर या. इथून अख्खं यार्ड दिसतं."

"मला खालूनच बघू दे," वहिनी म्हणाल्या आणि मागे गेल्या.

ऊन तिरपं झालं होतं. फाळक्यावरच्या ताज्या रंगाखाली काहीतरी उंचसखल दिसत होतं. ज्या बाईने तीस वर्षं ओले, पुसट, उलटे छाप वाचले तिला ते न वाचता पुढे जाणं जमलं नाही. त्या वाकल्या, बाजूने बघितलं. "इथे दोन मुलींची नावं होती," त्या म्हणाल्या. "आणि त्याच्या खाली, जरा मोठ्या अक्षरात, आईवडिलांचा आशीर्वाद. आणि इथे कोपऱ्यात कोणाचं तरी आडनाव, पुढे 'आणि मुलगे'."

पेंटर स्टुलावरून खाली बघत राहिला. "बाई, तुमची नजर वाईट आहे."

"नजर नाही हो काका, नोकरी आहे."

केबिनचं दार वाजलं. शेठ उतरून आला होता. "काय बघताय?"

"तुमच्या आधीचे मालक," वहिनी म्हणाल्या. "तिघं सापडले."

"चार," पेंटर म्हणाला. त्याला आपलं काम कमी मोजलेलं आवडलं नसावं. "चौथ्याचं दोन महिनेसुद्धा टिकलं नाही. मी रंग पातळच ठेवला होता. काही लोकांचा अंदाज येतो."

शेठने फाळक्यावर हात ठेवला. बोटं त्या मुलींच्या नावांवरून फिरली आणि थांबली. "काका, तुम्ही इथे किती वर्षं आहात?"

"अकरा."

"मग अकरा वर्षांत किती जणांचं नाव राहिलं? म्हणजे पाच वर्षं पुरी करून?"

"दोन. एकाला सासऱ्याने सगळे पैसे दिले. दुसऱ्याने स्वतःच भरले, बिचाऱ्याने. ती बघ त्याची गाडी, भिंतीलगत. इंजिन गेलंय, नाव मात्र झकास आहे." पेंटरने ब्रश डब्यात बुडवला. "माझं काय बाबा, मला घालायचेही पैसे आणि काढायचेही. बोला मालक. दोन ओळी की तीन?"

शेजारच्या वर्कशॉपमध्ये कोणीतरी चाकावर घण घालत होतं. वहिनींनी करार छातीशी धरला होता. काल रात्री झोपण्यापूर्वी त्यांनी देवापुढे हात जोडून एकच मागितलं होतं, की याला बुद्धी दे, आणि त्याला द्यायची नसेल तर मला नाही म्हणायचं धाडस दे. यातलं दुसरं अजून मिळालेलं नव्हतं. हा पोरगा नऊ वर्षांचा होता तेव्हा त्या लग्न होऊन घरात आल्या होत्या. त्याचे दात पडताना, वह्या हरवताना त्यांनी बघितलं होतं. त्याच्या तोंडावर नाही म्हणणं त्यांना कधीच जमलं नव्हतं, आजही जमेलसं दिसेना.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल तर मी सही करते. आडवी येणार नाही. फक्त नाव जरा जाड अक्षरांत घालून घ्या. पुढच्याला वाचता आलं पाहिजे."

पेंटर फसकन हसला. शेठ हसला नाही. त्याने त्यांच्या हातातून करार घेतला, नववं पान काढून तिथलं दरपत्रक वाचलं, मग मालक विभागात जाऊन तो टेबलावर ठेवला. साहेबांनी पेन पुढे केलं. त्याने ते घेतलं नाही. "नोकरीचं बघतो," तो म्हणाला. साहेबांचं हसू तिथल्या तिथे मावळलं. "चालकांची रांग बाहेर," ते म्हणाले, "आणि दार लावून घे." बाराव्यांदा मालक काही आलं नाही.

बाकावर जागा नव्हती. शेठ पाऊण तास भिंतीला टेकून उभा राहिला. मग एक जाड माणूस वही घेऊन आला आणि त्याने आवारातली लांबलचक गाडी दाखवली. दोन उभ्या ट्रकांच्या मध्ये लावायची होती, दोन्हीकडे हातभर जागा. वहिनी फाटकापाशी उभ्या राहून बघत होत्या. शेठ वर चढला, आरसे सारखे केले, आणि ती अजस्र गाडी एका दमात, मध्ये कुठेही न थांबता, मागे सरकत जाऊन दोघांच्या मधोमध उभी राहिली. बाकावरची माणसं बोलायची थांबली. वहीवाल्याने वहीतून मान वर काढली नाही. "सोमवारी सहाला ये," तो म्हणाला. "सकाळी."

परतीच्या वाटेवर शेठने एकदाही पाच मिनिटं म्हटलं नाही. उलट वहिनींच्या पावलाशी पाऊल लावून चालला, कंटेनर आला की स्वतः रस्त्याच्या बाजूला होऊन. वहिनींना त्याला म्हणावंसं वाटत होतं की मागे घेतलीत ती गाडी बघून माझा जीव निवला. पण याचं तोंड मयतावरून आल्यासारखं. अशा माणसाचं कौतुक कुठून सुरू करावं ते त्यांना कळेना. त्यांनी मनात देवाचे आभार मानले आणि तूर्त तेवढ्यावर भागवलं.

"सासऱ्यांनी काल सुनांच्या माहेरीही कळवलंय," तो एकदम म्हणाला. "उद्या दुकानावर बोलावलंय. पेढीवरच्या माणसांशी ओळख करून देणार आहेत. गाडीमालक म्हणून."

"मग जा आणि सांगा. नोकरी लागली, सोमवारी सहाला हजर व्हायचंय. चांगली गोष्ट आहे."

"तुम्हाला चांगली वाटते."

"तुम्हाला?"

पुढच्या वळणावर बसचा थांबा दिसायला लागला आणि थांब्यावर उभी असलेली बसही. वहिनींनी पाय उचलला, तर तो तिथेच उभा राहिला.

"वहिनी, एक काम होतं. नाही म्हणू नका."

"बोला तरी."

"सासऱ्यांना फोन तुम्ही करा. आजच. सांगा की मी सही करायला तयार होतो, हातात पेन होतं, गाडीही दाराशी आणली होती. पण जामीन राहायला वहिनीनेच ऐन वेळी नकार दिला. तुम्ही खोटं बोलत नाही हे मला माहीत आहे. पण तशी वेळ आली असती तर नाहीच म्हणाला असता ना तुम्ही? मग त्यात खोटं किती राहिलं? आणि दोन शब्द कडक बोलायला लागले तर ऐकून घ्या. सासरच्या माणसांना जावयापेक्षा जावयाची वहिनी वाईट निघालेली केव्हाही बरी वाटते. कराल एवढं?"